ठेच लागल्यानंतरचे वाचन

महाविद्यालयात मराठीच्या अध्यापकाकडे इतर विभागांतली माणसे बहुधा दोनच कारणांनी येतात. एक, निमंत्रणपत्रिकेचे शुद्धलेखन तपासून घ्यायला. आणि दुसरे, एखाद्या इंग्रजी संज्ञेला मराठी शब्द मागायला. आमच्या निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरले असताना संगणकशास्त्र विभागातल्या एक तरुण प्राध्यापिका दुसऱ्या कारणासाठी आल्या. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी कंपायलर या विषयावर त्या एक लहानशी पुस्तिका लिहीत होत्या. वीस-बावीस संज्ञांची यादी त्यांनी आमच्यापुढे ठेवली. तीतल्या ‘एरर रिकव्हरी’पुढे आम्ही फारसा विचार न करता ‘चूक-दुरुस्ती’ असे लिहिले. बाईंनी मान हलवली.

“नाही सर. चूक ज्याची त्यानेच ती दुरुस्त करायची असते. इथे प्रश्न कंपायलरचा आहे. वाचता वाचता त्याला ठेच लागली आहे, आणि तरी त्याला पुढे वाचायचे आहे.”

“म्हणजे सावरणे,” आम्ही म्हणालो.

“हो, सावरणेच,” असे म्हणून त्यांनी तो शब्द लिहून घेतला आणि पुढच्या संज्ञेकडे वळल्या. आम्ही मात्र तिथेच थांबलो होतो. चूक लिहिणाऱ्याची, तोल जातो वाचणाऱ्याचा, आणि सावरायचे तेही वाचणाऱ्यानेच, हे आमच्या एकतीस वर्षांच्या अध्यापनात आम्हाला कोणी सांगितले नव्हते. उत्तरपत्रिका तपासताना चूक दिसली की आमचा हात लाल शाईकडे जात असे. चूक दिसल्यावर आमच्या वाचनाचे काय होते, हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

साहित्याच्या वाचकांसाठी थोडी ओळख करून देणे भाग आहे. सी किंवा पास्कल अशा भाषेत माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राला कळेल अशा आज्ञांमध्ये रूपांतरित करण्याचे काम कंपायलर करतो. त्याचा जो भाग वाक्यांची रचना तपासतो, त्याला पार्सर म्हणतात. आमच्या पिढीच्या शालेय परीक्षेत ‘अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा’ असा एक हमखास प्रश्न असे. पार्सर म्हणजे हे व्याकरण चालवणारा. त्याचे व्याकरण मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पुढे अगदीच किरकोळ असते, पण त्याला अपवाद नसतात, आणि लिहिणाऱ्याच्या मनात काय होते याची चौकशी करण्याची सोयही नसते.

पार्सर डावीकडून उजवीकडे एकेक शब्द उचलत जातो. इथवर आलेल्या शब्दांनंतर हा शब्द येऊच शकत नाही, असे दिसले की त्याला ठेच लागते. पण ठेच लागण्याची जागा आणि चुकीची जागा एकच असेल असे नाही. आपल्या घरचे उदाहरण घेऊ. ‘त्याने आंबा खाल्ली’ या वाक्यात आपण अडखळतो ते ‘खाल्ली’पाशी. परंतु लिहिणाऱ्याला ‘पोळी’ लिहायचे असून नजरचुकीने ‘आंबा’ पडले असेल, तर क्रियापद निर्दोषच आहे. कर्मणी प्रयोगाचा नियम एवढेच सांगतो की या दोन शब्दांचे एकमेकांशी पटत नाही. दोषी कोण, ते तो सांगत नाही. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण इथे उलटी होते. चूक मागे राहते आणि ठेच पुढे लागते.

बाईंनी त्या दिवशी एका विद्यार्थ्याच्या आज्ञावलीचा छापील कागद दाखवला. पहिल्या पानावर उघडलेला एक महिरपी कंस मिटवायचा राहिला होता. कंपायलरच्या दृष्टीने तो कंस शेवटपर्यंत उघडाच होता. त्यामुळे पुढे स्वतंत्र म्हणून लिहिलेला प्रत्येक भाग त्याला त्या पहिल्याच्या पोटात लिहिल्यासारखा दिसला, आणि प्रत्येकापाशी त्याने तक्रार नोंदवली. तिसाहून अधिक तक्रारी होत्या. शेवटची तक्रार कागदाच्या अगदी अखेरच्या ओळीवर होती, जिथे विद्यार्थ्याने काहीच चुकीचे लिहिले नव्हते.

“मुले हे पाहून घाबरतात, सर,” बाई म्हणाल्या. “आपल्याला काहीच येत नाही असे त्यांना वाटते. यात चूक एकच आहे. बाकीच्या सगळ्या कंपायलरच्या स्वतःच्या आहेत. पहिल्या चुकीनंतर तो भलत्याच समजुतीने वाचत गेला.”

हे ऐकताना आम्हाला एक कागद आठवला. घरी आल्यावर कपाटाच्या खालच्या कप्प्यातून तो काढला.

१९९९ सालची, द्वितीय वर्षाच्या अंतर्गत चाचणीची ती एक उत्तरपत्रिका होती. तपासून झाल्यावर मुले आपापले कागद घेऊन जात. हा मुलगा न्यायला आला नाही. पुढच्या सत्रात त्याचे नाव मराठीच्या यादीत नव्हते. त्याने विषय बदलला, एवढेच कार्यालयातून कळले. त्याचे कारण आमचा कागद होता असा आमचा दावा नाही. कारण आम्ही विचारले नाही. पण इतके कागद रद्दीत गेले असताना हा एक आम्ही का ठेवला, याचे दुसरे उत्तरही आमच्यापाशी नाही.

प्रश्न होता बहिणाबाई चौधरींच्या कवितेतील लयीविषयी. मुलगा खानदेशातला. उत्तरात ‘आणि’चे ‘आनि’, ‘म्हणून’चे ‘म्हनून’, ‘दळण’चे ‘दयन’ झाले होते. आम्ही प्रत्येक ठिकाणी लाल वर्तुळ केले होते. एकूण वर्तुळे त्रेचाळीस. ‘घरोट’ हा शब्द चार वेळा आला होता, आणि चारही वेळा त्याच्या डोक्यावर आम्ही ‘जाते’ असे लिहिले होते. बहिणाबाईंच्या कवितेत ‘घरोट’ आला की आम्ही वर्गात बोलीच्या सामर्थ्यावर अर्धा तास बोलत असू. तोच शब्द विद्यार्थ्याच्या उत्तरात आला की मात्र आम्हाला तो खपत नसे. या विसंगतीची जाणीव त्या वेळी आम्हाला झाली नाही, हे आज लिहिताना कठीण जाते. पण झाली नाही हे खरे आहे.

दुसऱ्या परिच्छेदावर एक तिरपी रेघ होती, आणि समासात शेरा होता: ‘विषयांतर. उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहावे.’ खाली गुण होते, वीसपैकी सहा.

तो परिच्छेद जसा होता तसा, विरामचिन्हांसह इथे देतो:

माझी आजी दयन दयताना गाने म्हने. ती म्हने, “घरोट थांबला की गानं थांबतं. मूठ टाकायला हात उचलला की ओळ तुटते म्हनून ओवीची ओळ एका मुठीएवढी असते. पुस्तकात छापली की मूठ दिसत नाही फक्त ओळ दिसते. आनि मग आपन मात्रा मोजत बसतो.

अवतरणचिन्ह उघडले आहे. ते मिटवलेले नाही. उत्तराची आणखी दीड पाने त्यापुढे आहेत, आणि ते कुठेच मिटत नाही. महिरपी कंसाचा तो कागद आमच्याच कपाटात पडून होता.

आम्ही त्या वेळी कसे वाचले असेल हे आता स्पष्ट दिसते. चिन्ह उघडल्यापासून आम्ही सगळे आजीचे बोलणे समजून वाचत गेलो. त्यामुळे हा मुलगा उत्तराच्या जागी आजीची बडबड उतरवतो आहे असे वाटले. पुढे जिथे त्याने ‘मला वाटते’ लिहिले होते, तिथे आम्ही ‘कोणाला?’ असे विचारले होते. वाक्यरचनेबद्दलची अशी पाच वर्तुळे होती. ती पाचही आमच्या समजुतीतून निघाली होती. त्याच्या वाक्यांत तसे काही नव्हते. लयीविषयीचे त्या सत्रातले कदाचित सर्वांत मोलाचे वाक्य समोर असताना आम्ही त्यावर तिरपी रेघ मारली, आणि ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ असे त्याला सांगितले.

पुढच्या काही आठवड्यांत आम्ही बाईंकडून त्यांची पुस्तके मागून घेतली. त्यांतले प्रमुख म्हणजे आहो, सेठी आणि उल्मन यांचे १९८६ सालचे, ज्याच्या मुखपृष्ठावर ड्रॅगन आहे म्हणून त्याच नावाने ओळखले जाणारे. गणिताची पाने आम्ही ओलांडली हे प्रामाणिकपणे सांगतो. परंतु चूक आढळल्यावर पार्सरने काय करावे याचे चार मार्ग त्यात दिले आहेत, आणि ते वाचताना आम्हाला आमच्याच सवयींची यादी वाचल्यासारखे झाले.

पहिल्या मार्गाला तिथे ‘पॅनिक’ म्हणजे घबराटीचे नाव आहे. चूक आढळली की पुढचे शब्द न पाहता टाकून देत जायचे, आणि अर्धविराम किंवा मिटणारा कंस यांसारखी खात्रीची खूण भेटली की तिथून नव्याने वाचायला लागायचे. मार्ग ओबडधोबड आहे, पण तो अनंत घोटाळ्यात कधी सापडत नाही. आमची तिरपी रेघ या जातीची होती. फरक इतकाच, की कंपायलर पुढच्या खुणेपाशी पुन्हा डोळे उघडतो; आम्ही परिच्छेद संपल्यावरही पूर्वग्रह घेऊनच पुढे गेलो.

दुसरा मार्ग जागच्या जागी डागडुजी करण्याचा. स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम हवा असेल तर तो आहे असे धरायचे, एखादे चिन्ह गाळले असेल तर ते घालायचे, आणि चालू लागायचे. ‘घरोट’वर ‘जाते’ लिहिणे ही आमची डागडुजी. तिसरा मार्ग अधिक समंजस आहे. लोक नेहमी कोणत्या चुका करतात हे ठाऊक असेल, तर त्या चुकांनाच व्याकरणात नियम म्हणून जागा द्यायची. म्हणजे ती रचना आली की पार्सर अडखळत नाही; ती ओळखतो, तिचे नाव घेऊन योग्य ती सूचना देतो आणि पुढे जातो. खानदेशात ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘य’ होतो हा नियम आम्हाला पाठ होता. भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही तो शिकवतही होतो. उत्तरपत्रिका तपासताना तो नियम वापरायचा असतो, हे मात्र सुचले नव्हते.

चौथा मार्ग आदर्श. सबंध आज्ञावली समोर ठेवून, कमीत कमी बदल करून ती शुद्ध कशी होईल ते शोधायचे. आहो आणि पीटरसन यांनी १९७२ साली अशी रीत मांडली. पण तिला लागणारा वेळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मजकूर दुप्पट झाला की वेळ आठपट. म्हणून व्यवहारात ती फारशी वापरली जात नाही. शिवाय कमीत कमी बदलांनी मिळणारा शुद्ध पाठ हाच लिहिणाऱ्याच्या मनातला पाठ असेल, याची हमी त्यातही नाही. ऐंशी उत्तरपत्रिका आठ दिवसांत तपासणाऱ्या अध्यापकाला यातले काय शक्य आहे, हे आम्ही जाणतो. वेळ नव्हता ही सबब खोटी नाही. ती अपुरी आहे.

अपुरी का, ते या शास्त्राच्या इतिहासाकडे पाहिल्यावर कळले. एके काळी आज्ञावली छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर लिहिली जाई. पत्त्यांचा गठ्ठा केंद्रावर द्यायचा आणि निकालाचा कागद काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी मिळायचा. अशा वेळी पहिल्याच चुकीला थांबणारा कंपायलर म्हणजे एका स्वल्पविरामासाठी सबंध दिवस वाया घालवणारा. म्हणून अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पीएल/सी नावाचा कंपायलर तयार झाला. कॉनवे आणि विलकॉक्स यांनी १९७३ साली त्याविषयी लिहिले. तो कोणत्याही चुकीला हार मानत नसे. प्रत्येक चूक तो स्वतः दुरुस्त करी, आपण काय धरून चाललो ते छापून देई, आणि आज्ञावली चालवून पाही. याच्या उलट १९८३ साली आलेला टर्बो पास्कल पहिल्या चुकीलाच थांबे आणि चौकोनी ठिपका नेमका तिथे आणून ठेवी. त्याला तसे करणे परवडे, कारण चूक दुरुस्त करून पुन्हा सुरुवातीपासून वाचायला त्याला काही क्षणच लागत.

यातून आम्ही एवढे शिकलो, की पहिल्या चुकीला थांबणे योग्य की अयोग्य हे त्या चुकीवरून ठरत नाही. लिहिणाऱ्याला पुढची संधी किती वेळाने मिळणार, यावर ते ठरते. समोर बसलेल्या मुलाला वाक्याच्या मध्येच थांबवून ‘हे पुन्हा सांग’ म्हणता येते; तो लगेच सांगतो. लेखी उत्तराला ती सोय नाही. त्या मुलाची पुढची चाचणी सहा महिन्यांनी होती, आणि ती त्याने आमच्याकडे दिलीच नाही. जिथे दुसरी फेरी मिळण्याची खात्री नाही, तिथे पहिल्याच फेरीत शेवटपर्यंत वाचणे हे वाचणाऱ्यावर बंधनकारक असते.

आणखी एक तपशील आमच्या मनात घर करून राहिला आहे. बेल प्रयोगशाळेतल्या स्टीफन जॉन्सन यांनी सत्तरच्या दशकात याक नावाचे एक साधन केले. भाषेचे व्याकरण त्याला दिले की तो त्या भाषेचा पार्सर तयार करून देतो. याकच्या पार्सरला ठेच लागली की तो एकदा तक्रार नोंदवतो आणि मग मौन धरतो. पुढचे तीन शब्द सरळ, विनासायास वाचता येईपर्यंत तो नव्या चुकीबद्दल चकार शब्द काढत नाही. कारण ठेच लागल्याबरोबर दिसलेली दुसरी चूक खरी आहे की आपलाच तोल अजून आलेला नाही, हे त्याला सांगता येत नाही. तीन शब्द नीट गेले की त्याला पुन्हा स्वतःवर भरवसा ठेवता येतो. एका यंत्राच्या ठायी असलेला हा विनय आमच्या लाल पेनाला नव्हता. आमची वर्तुळे एकमेकांना लागून होती. पहिल्या वर्तुळाने आम्ही चिडलो होतो आणि दुसरे त्या चिडीतून आले होते.

रिप्ले आणि ड्रुसेकिस यांनी १९७८ साली विद्यार्थ्यांच्या पास्कलमधील आज्ञावल्या तपासून पाहिल्या. चुका असलेल्या विधानांपैकी ८० टक्के विधानांत चूक एकच होती, आणि ९० टक्के चुका एकाच शब्दाच्या वा चिन्हाच्या होत्या. म्हणजे चुका बहुधा विरळ आणि लहान असतात. त्यांची रास दिसू लागली, तर ती रास कोणी रचली हे आधी पाहावे.

आम्ही ती त्रेचाळीस वर्तुळे पुन्हा मोजली. ‘ण’च्या जागी ‘न’ची एकोणीस होती, ‘ळ’च्या जागी ‘य’ची अकरा. जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरची जुनी सूचना बाईंनी आम्हाला सांगितली होती: न सांगता वापरलेल्या नावाबद्दल एका भागात एकदाच तक्रार केली जाईल. असे अनोळखी नाव प्रथम भेटले की कंपायलर तक्रार करतो आणि ते आपल्या नोंदवहीत लिहून ठेवतो. पुन्हा भेटले की ओळखीचे मानून पुढे जातो. या न्यायाने एकोणिसांची एक चूक झाली, अकरांची एक. ‘घरोट’ची चार वर्तुळे आम्ही मागे घेतली. वाक्यरचनेची पाच न मिटलेल्या अवतरणचिन्हाच्या एका चुकीत विरली. ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका खऱ्याच होत्या. त्रेचाळिसांच्या जागी सात उरल्या.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. सावरणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. पीएल/सीसारखा एखादा सोडला, तर सावरून शेवटपर्यंत वाचणारा कंपायलरही सदोष आज्ञावलीला पास करत नाही. चुकांची यादी हातात ठेवून ती परतच पाठवतो. प्रमाणभाषेच्या परीक्षेत ‘आनि’ ही चूक आहे, आणि ती दाखवणे हे आमचे काम होते. ती एकदा दाखवून, तिच्या पलीकडचे उत्तर वाचणे हेही आमचेच काम होते. पहिले आम्ही एकोणीस वेळा केले, दुसरे एकदाही नाही.

उलट, अति सावरण्यातही धोका आहे. १९९५ साली आलेल्या जावास्क्रिप्ट या भाषेत ओळीच्या शेवटी गाळलेला अर्धविराम काही ठिकाणी भाषाच आपण होऊन घालते, आणि त्याबद्दल काही बोलत नाही. ‘परत दे’ अशा अर्थाची आज्ञा लिहून काय परत द्यायचे ते पुढच्या ओळीवर लिहिले, तर ती पहिल्या ओळीनंतरच पूर्णविराम झाला असे मानते आणि रिकामा हात परत करते. लिहिणाऱ्याला वाटते, आपण दिले. घेणाऱ्याच्या हाती काही येत नाही. आणि मध्ये कोणीतरी वाक्य तोडले हे दोघांनाही कळत नाही. मुकाट्याने केलेली दुरुस्ती ही अशी असते. आमच्यासारखे अध्यापक वयानुसार कठोरपणा सोडून प्रेमळ होतात, तेव्हा विद्यार्थ्यांची अर्धवट वाक्ये मनातल्या मनात पूर्ण करून गुण देऊ लागतात. तेही वाचन नव्हे. त्यात आपण आपलेच वाक्य वाचत असतो.

यावरचा उपाय आपल्या परंपरेत पूर्वीच सापडलेला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. डॉ. वि. सी. सुकथनकर आणि त्यांच्यानंतरचे संपादक यांच्यापुढे शेकडो वर्षांच्या लेखनिकांच्या चुका होत्या. जिथे हस्तलिखिते एकमुखाने बोलत नव्हती आणि तरी एक पाठ निवडणे भाग होते, तिथे त्यांनी तो निवडला. वाचन थांबवले नाही. परंतु जो पाठ पुरेशा खात्रीचा नव्हता त्याच्याखाली त्यांनी नागमोडी रेघ छापली. इथे आम्ही सावरलो आहोत, इथे तुम्हीही जपून पाऊल टाका, असे ती रेघ वाचकाला सांगते. पीएल/सी आपण काय धरले ते छापून देई, त्याचा आणि या रेघेचा धर्म एकच आहे.

आता प्रश्न उरतो तो त्या अवतरणचिन्हाचा. ते कुठे मिटवायचे? संस्कृतात बोलणे संपले की ‘इति’ येते. सुरुवात कळली नाही तरी शेवट कळतो. मराठीत ‘असे ती म्हणे’ हे शेवटी आले की काम भागते. या मुलाने ‘ती म्हने’ आधी लिहून टाकले, त्यामुळे ती खूणही राहिली नाही. ‘घरोट थांबला की गानं थांबतं’ हे आजीचे आहे यात शंका नाही. अनुस्वारांचा तो बोलका उच्चार बाकी उत्तरात कुठेच नाही. ‘पुस्तकात छापली की मूठ दिसत नाही’ हे नातवाचे असावे. पुस्तक त्याचे आहे, आजीचे नाही. मधले वाक्य कोणाचे? ओवीची ओळ एका मुठीएवढी असते, हे कोणी म्हटले? ‘ओळ’ हा शब्द शाळेतला वाटतो. पण त्या वाक्यातली मूठ आणि तो उचललेला हात पाहिला, की जन्मभर दळलेल्या बाईचाच तो आवाज वाटतो. चिन्ह पहिल्या वाक्यानंतर मिटवले तर हा शोध मुलाचा, दुसऱ्यानंतर मिटवले तर आजीचा. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी ऐकून इतरांनी लिहून घेतली, आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षी, ती पुस्तकरूपाने आली. गाणाऱ्याचे कुठे संपते आणि लिहून घेणाऱ्याचे कुठे सुरू होते, हाच तर त्या चाचणीतल्या प्रश्नाचा गाभा होता. त्या मुलाने, कदाचित नकळत, तो प्रश्न एका न मिटलेल्या चिन्हात लिहून ठेवला होता.

बाईंची पुस्तिका पुढे विभागाने छापली. तीत ‘सावरणे’ हा शब्द आहे. त्यानंतरच्या वर्षभरात आम्ही ज्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्या पहिल्या वाचनात पेन हातात न घेता तपासल्या. वेळ जास्त लागला, फार नाही. निवृत्तीनंतर कपाट आवरताना तो कागद पुन्हा हाती आला. पेन्सिलने आम्ही पहिल्या वाक्यानंतर अवतरणचिन्ह मिटवले आणि मधल्या वाक्याखाली एक नागमोडी रेघ ओढली. वर लाल शाईचे सहा गुण आहेत. ते तसेच ठेवले आहेत.